फणसाचा ओंडका आणि मिठाची गोणी

डॉक्टरने दिनानाथला वजन उचलायची बंदी केली ती माघात. केली तीही कानात कुजबुजून नव्हे, चांगली मुलासमोर आणि सुनेसमोर, खणखणीत आवाजात. "मणक्यातली गादी सरकलीय, काका. आणखी एक जड वजन उचललंत तर पाय जातील. मग खाटेवरच." माणगावचा हा डॉक्टर तोंडाचा फटकळ, पण हाताला गुण असलेला, म्हणून लोक त्याचं ऐकून घ्यायचे. दिनानाथनेही ऐकून घेतलं. मान डोलावली, एसटीने घरी आला, चहा प्यायला, आणि अंगणात जाऊन पहिल्याच ओंडक्याखाली हात घालायला वाकला.

आता या माणसाला काय म्हणावं? सोनूबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, जे म्हटलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. सून विनिता मात्र नुसती बोलत बसली नाही. ती धावत गेली, ओंडक्यावर बसली आणि म्हणाली, "आता उचला, मामा. माझ्यासकट उचला." तेव्हा कुठे तो सरळ झाला.

घर हरिहरेश्वरच्या अलीकडच्या एका वाडीतलं. रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा दोन्ही बाजूंचे आंबे, फणस, शिरीष आडवे झाले आणि त्यांचे ओंडके दिनानाथने आणून अंगणात रचले. ते फोडायला निकेतने, म्हणजे त्याच्या मुलाने, एका वर्कशॉपमधून मशीन करून आणलं. डिझेलचं इंजिन आणि तेलाच्या दाबावर पुढे सरकणारी लोखंडी पाचर. ओंडका मशीनच्या पाटावर आडवा ठेवायचा, दांडा ओढायचा, की पाचर कडकड करत त्याचे दोन तुकडे करते. म्हसळ्याची पावाची भट्टी आणि किनाऱ्यावरच्या चार-पाच खानावळी इथलीच फाटी, म्हणजे जळाऊ लाकडं, जाळायच्या. निकेत कंपनीत शिफ्टला, रविवारचा तेवढा घरी. तेव्हा मशीन चालवायचे दोघं: सून आणि सासरा.

गोम एवढीच होती की मशीन गुडघ्याच्या वर उंच आणि ओंडका जमिनीवर. शंभर किलोचा फणस एका ढुशीत फोडणाऱ्या मशीनला तो फणस दीड हात वर घेता येत नव्हता. विनिताला पहिल्या दिवसापासून याचं नवल वाटायचं. फोडायचं अवघड काम यंत्राने करायचं आणि हमाली माणसाने! ही कुणाची अक्कल?

"गडी ठेवा की एक," तुम्ही म्हणाल. ठेवला असता. पण गडी ठेवून दिनानाथ थांबला असता असं ज्याला वाटतं, त्याला ही वाडी माहीत नाही. इथे कुणी जड उचलताना दिसलं की हात लावल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही रीत. होळीचं झाड रानातून खांद्यावर यायचं ते असंच, होड्या वाळूवर ओढायच्या त्या अशाच, आणि छपराचा वासा चढवायचा असला तरी वाटेने जाणारा टोपी बाजूला ठेवून खांदा देणारच. हात न लावता जो पुढे गेला त्याचं नाव सात पिढ्या निघतं. दिनानाथ तर या बाबतीत वाडीचा पुढारी. तरणा असताना शिमग्याच्या झाडाचा बुंधा, म्हणजे सगळ्यात जड टोक, त्याच्याच खांद्यावर असायचं. असा माणूस गड्याला ओंडक्याशी झुंजताना बघत ओटीवर बसेल? हात आधी जायचे, डॉक्टर मग आठवायचा.

निकेतने निर्वाणीचं सांगितलं. "बाबांनी परत एकदा जरी ओंडक्याला हात लावला ना, मशीन विकून टाकणार. फायनल. मला बाबा चालते-फिरते हवेत."

त्याचं चुकत नव्हतं. पण विनिताला दुसरंही दिसत होतं. मशीन बंद होतं ते आठ दिवस मामा ओटीवर बसून होते, आणि त्या आठ दिवसांत त्यांनी कुणाची थट्टा केली नाही, भाकरीला नावं ठेवली नाहीत, सोनूबाईशी एकदाही भांडले नाहीत. घर कसं सुतकी झालं होतं. मशीन गेलं तर मामांचे पाय वाचतील, पण मामा उरतील का, याची तिला धास्ती पडली. म्हणजे ओंडका वर चढला पाहिजे, आणि त्याला कुणाचा हात लागता कामा नये. तिने चंगच बांधला.

पहिल्यांदा तिने मशीनला दोन फळ्या तिरक्या लावल्या आणि पहारीने ओंडका ढकलत वर न्यायला बघितलं. अर्ध्यावर तो परत फिरला. विनिता बाजूला उडी मारून वाचली, तुळशीची कुंडी काही वाचली नाही. सोनूबाई म्हणाली, "आता माझीच कवटी राहिलीय, ती पण फोड."

मग एक दिवस दुपारी भांडी घासता घासता तिला बापाच्या मिठागरावरचा काटा आठवला.

विनिता पेणकडची, खाडीकाठची. बापाची मिठाची कोंडी, म्हणजे मीठ पिकवायचे वाफे. तिकडे मीठ तोलायला तीन वाशांची तिकटी उभी करत, तिच्यावर आडवी लोखंडी दांडी. दांडीच्या आखूड बाजूला आकडा, त्यावर गोणी. लांब बाजूला वजन, आणि ते दांडीवरून सरकवायचं. वजन जवळ असलं की गोणी जमिनीवर ढिम्म. वजन हळूहळू लांब सरकवत न्यावं, आणि एका जागेला आलं की पन्नास किलोची गोणी आपसूक उठते, जमीन सोडते आणि झुलायला लागते. सहा-सात वर्षांची विनिता ते वजन मागे-पुढे करत गोणीला उठवायची-बसवायची आणि बापाच्या शिव्या खायची. एवढंसं वजन एवढ्या गोणीला कसं उठवतं हे तिला तेव्हाही चैन पडू देत नसे.

हातातली कढई तशीच टाकून ती अंगणात गेली आणि मशीनभोवती पावलं मोजायला लागली.

"काय हरवलं गं?" दिनानाथने ओटीवरून विचारलं.

"हरवलेलं सापडलंय, मामा."

पुढचे बारा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. बंद पडलेल्या बोअरिंगचा बारा फुटी पाइप मिळाला, ती झाली दांडी. खांबाला शिरीषाची मेढ जमिनीत चांगली तीन फूट गाडली. दांडी नुसती वर-खाली होऊन भागणार नव्हतं, ओंडका उचलून मशीनवर फिरवायचाही होता, म्हणून म्हसळ्याच्या गॅरेजमधून भंगारातल्या टेम्पोच्या चाकाचा हब आणला आणि मेढीच्या डोक्यावर बसवला. बेअरिंगसकट. त्यावर दांडी बसली ती गरगर फिरायलाच लागली. ओंडका धरायला काय, यावर मात्र गाडी अडली. दोर निसटे, साखळी घसरे. शेवटी दिनानाथच म्हणाला, "बंदरावर बर्फाच्या लाद्या कशानं उचलतात ते बघितलंस का?" बर्फाचा चिमटा! जितकं खाली ओढावं तितका घट्ट आवळतो. श्रीवर्धनच्या वेल्डरने तसाच, पण चौपट मोठा चिमटा सळ्यांचा करून दिला. दिनानाथ दिवसभर त्या चिमट्याने घरातली एकेक वस्तू उचलून बघत होता. सोनूबाईचा पाणी तापवायचा बंबसुद्धा सोडला नाही.

राहिलं वजन. पडवीत माडांना घालायच्या मिठाच्या गोण्या होत्या. इकडे माडाच्या आळ्यात दर वर्षी खडे मीठ घालतात, आणि यंदाचं मीठ विनिताच्या बापाने या हंगामाचं, अगदी ताजं, स्वतः पाठवलं होतं. विनिताने त्यातलीच एक गोणी वजन म्हणून काढली.

"धोंडे कमी हायत काय आपल्याकडं?" सोनूबाई म्हणाली.

"धोंड्याचं वजन कुणाला ठाऊक, आई? गोणी म्हणजे पन्नास किलो. बाबांच्या हातची आहे."

मिठागरावरच्या माणसाला हे असंच असतं. त्याचं माप गोणी. विनिताच्या माहेरी माणसं, म्हशी, दगड सगळं गोणीत मोजायचे. निकेत बघायला आला तेव्हा तिच्या चुलत्याने त्याला आपादमस्तक न्याहाळून "सव्वा गोणीचा हाय, चालंल" असा निकाल दिला होता. जगात सगळ्यावर शंका घ्यावी, पण बापाने शिवलेल्या गोणीवर नाही.

गोणीला एक चाकाची कडी लावून ती दांडीच्या लांब बाजूला टांगली. कडीला दोर बांधून तो दोन्हीकडच्या कप्प्यांवरून ओंडक्याच्या बाजूला आणला. आता विनिता ओंडक्यापाशी उभी राहून एका हाताने दोर ओढून गोणी जवळ-लांब करू शकत होती, आणि दुसरा हात ओंडक्याला दिशा द्यायला मोकळा. लांब बाजू आखूड बाजूच्या दुपटीहून जरा जास्तच, म्हणजे एका गोणीला दोन गोण्यांचा ओंडका भारी नाही.

पहिल्या दिवशी निम्मी वाडी जमली. विनिताने फणसाच्या एका ओंडक्याला चिमटा लावला आणि दोर ओढला. गोणी लांब लांब सरकली. दांडी कुरकुरली. आणि तो ओंडका, ज्याच्यापायी मामांचा मणका सरकला होता त्याचाच भाऊ, जमिनीवरून असा अलगद उठला की बघणाऱ्यांच्या माना त्याच्याबरोबर वर गेल्या. विनिताने बोटाने ढकलत तो मशीनवर फिरवला, गोणी जवळ ओढली, आणि ओंडका पाटावर बसला.

"अगं बाय माझे!" नारळ उतरवणारा सदू ओरडला. "हा तर तराजूच हाय!"

तेव्हापासून तो तराजूच झाला. विनिताला इतका आनंद झाला होता की तिने त्या दिवशी ओळीने चौदा ओंडके चढवले, निव्वळ बघत राहण्यासाठी. दिनानाथ जवळ उभा राहून प्रत्येक ओंडक्याला "हैय्या!" म्हणत होता. त्याचे हात सारखे पुढे जायचे आणि परत यायचे, पण ओंडका त्याच्या हाताची वाट न बघता वर जायचा.

दहा-बारा दिवस सुरळीत गेले. निदान तसं वाटलं. कारण वाडीची रीत काही सुटली नव्हती. सदू जाता-येता ओंडक्याला खालून हात लावी. शेळ्या घेऊन जाणारी जनी गोणी टोकाकडे ढकलून जाई. विनिता ओरडायची, "अहो, नका ना हात लावू! तो आपला आपण चढतो!" त्यावर जनी म्हणायची, "तसंच कसं जायचं गं? बरं दिसतं काय?" या सगळ्या हातांच्या गर्दीत तराजू खरोखर एकटा किती उचलतो आहे, हे कुणालाच कळेनासं झालं.

विनिताला मात्र कुठेतरी खटकायला लागलं. ओंडका पूर्वीसारखा अलगद उठत नव्हता. तिने फणसाचा एक ओंडका फोडायचा नाही असं ठरवून बाजूला ठेवला, मापाचा म्हणून. रोज सकाळी कुणी यायच्या आत तो उचलायचा, आणि गोणी ज्या जागेला आल्यावर ओंडका उठतो तिथे दांडीवर खडूने रेघ मारायची. पहिली रेघ होती तिच्यापुढे दुसऱ्या दिवशीची एक बोटभर लांब पडली. तिसऱ्या दिवशीची आणखी एक बोट. सहाव्या दिवशी रेघ दांडीच्या टोकाजवळ पोचली.

याचा अर्थ ओंडका रोज जड होत होता! पण वैशाखाच्या उन्हात पडलेलं लाकूड वाळून हलकं व्हायचं की जड? विनिताचं डोकं भणभणलं. तिने हबमध्ये ग्रीस भरलं. कप्प्यांना तेल दिलं. दांडी वाकली का म्हणून दोरी लावून पाहिली, सरळसोट होती. मेढ खचली का म्हणून तिच्या मुळाशी खूण केली, तीही जागची हलली नव्हती. जेवताना ती ताटात शिताच्या दोन राशी करून बसायची आणि सोनूबाई म्हणायची, "भात खायचा असतो, तोलायचा न्हाय."

वाडीने आपापल्या परीने उत्तरं दिली. सदूचं म्हणणं, फणस मेल्यावरही पाणी ओढतो. जनी म्हणाली दृष्ट लागली, आणि दांडीला लिंबू-मिरची बांधून गेली. तिची एक शेळी तेवढी तराजूवर भलतीच खूश होती, हाकलली तरी परत येऊन गोणीखालची माती चाटत बसायची. विनिता तिला खडा मारायची आणि पुन्हा दांडीकडे बघत राहायची. सगळं तपासून झालं होतं. गोणी तपासायचं तिच्या मनातही आलं नाही. गोणी म्हणजे पन्नास किलो!

शुक्रवारी घात झाला. सदू नव्हता, जनी नव्हती. आंब्याचा एक ओंडका अर्ध्यावर येऊन थांबला. गोणी टोकाला, दोर ताणलेला, आणि ओंडका मशीनच्या पाटाखाली वीतभर. विनिताने खालून मांडी लावून त्याला वर रेटायला बघितलं. तिच्या तोंडून नुसता "आई गं" एवढाच शब्द निघाला असेल. ओटीवरचा दिनानाथ कधी उठला, कधी आला, कुणाला कळलं नाही. ओंडक्याखाली खांदा गेला. ओंडका चढला. आणि दिनानाथ तिथेच मशीनला धरून खाली बसला, रंग उडालेला, घामाने भिजलेला.

"काय न्हाय, काय न्हाय," तो म्हणत होता. डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्या संध्याकाळपर्यंत गेल्या, पण तोवर सोनूबाईने रडत रडत मुलाला फोन केला होता. निकेत फार बोलला नाही. "रविवारी टेम्पो घेऊन येतो," एवढंच म्हणाला.

शनिवारचा दिवस विनिताने तराजूभोवती फिरण्यात घालवला. मामा तिच्यामुळेच धावले होते. तिचं यंत्र चाललं असतं तर ते उठलेच नसते. ज्याचा पाय वाचवायला एवढा खटाटोप केला त्याचाच पाय ती घालवून बसणार होती, आणि का, हेसुद्धा तिला कळत नव्हतं. घरात मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने चहा नेला तर म्हणाले, "ठेव," आणि कूस बदलली नाही.

रविवारी सकाळी टेम्पो आला. निकेत उतरला, बापाच्या खाटेपाशी जाऊन आला आणि मशीनचे बोल्ट सोडायला पाना घेतला.

"एक ओंडका," विनिता त्याच्या वाटेत उभी राहिली. "तो फणसाचा, मापाचा. मी एकटीने चढवते. चढला तर मशीन राहील. नाही चढला तर मीच टेम्पोत चढवायला मदत करीन."

निकेतने तिच्याकडे पाहिलं. बायको हट्टी आहे हे त्याला माहीत होतं, पण तिचे डोळे असे सुजलेले त्याने पाहिले नव्हते. "एकच," तो म्हणाला. "आणि कुणी हात लावायचा नाही."

आजूबाजूचे जमलेच. टेम्पोवालाही खाली उतरला. विनिताने चिमटा लावला, दोर धरला, ओढला. गोणी टोकाकडे सरकली. ओंडक्याने जमीन सोडली. एक वीत, दोन वीत, तीन वीत. गोणी दांडीच्या शेवटाला जाऊन अडकली, आणि ओंडका मशीनच्या पाटाला चार बोटं कमी असताना हवेत थांबला. तिथेच झुलत राहिला. मेला वरही जाईना आणि खालीही येईना.

सदूचे हात पुढे आले. टेम्पोवाल्याने बाह्या सरसावल्या. आणि काय सांगावं, ज्याने बंदी घातली तो निकेतच आधी धावला, वाडीचाच ना शेवटी!

"हात लावू नका!" विनिता किंचाळली. "कुणी लावायचा नाही!"

सगळे जागच्या जागी थबकले. त्या शांततेत दाराशी काठी टेकल्याचा आवाज आला. दिनानाथ बाहेर आला होता. लुंगी सावरत, एकेक पाऊल मोजत तो अंगणात उतरला. सोनूबाई मागून, "अहो, अहो!" निकेतचं तोंड पांढरं पडलं. विनिताच्या हातात दोर होता, तिला जागचं हलता येईना. "मामा, नाही," ती म्हणाली. "मामा, तुम्हाला शपथ आहे."

दिनानाथ ओंडक्यापाशी आला. त्याच्याकडे पाहिलं. मग दांडीकडे पाहिलं, तिच्यावरच्या खडूच्या रेघांकडे पाहिलं, आणि वळून तो दुसऱ्या टोकाला निघाला. तिथे मिठाची गोणी मांडीएवढ्या उंचीवर लोंबत होती. त्याने काठी बाजूला टेकली, दोन्ही हातांनी गोणीचे दोर धरले, आणि पाटावर बसावं तसा सावकाश गोणीवर बसला. पाय जमिनीवरच ठेवून त्याने आपला भार थोडा थोडा सोडला.

ओंडका चार बोटं वर चढला. मग आणखी चार.

"फिरव," दिनानाथ म्हणाला.

विनिताने ओंडका मशीनकडे ढकलला. दांडी फिरली, आणि दुसऱ्या टोकाला गोणीवर बसलेला दिनानाथ पावलं टाकत टाकत अर्धा गोल फिरला, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा. ओंडका पाटावर आला. "सोडा, मामा!" त्याने पायांवर भार घेतला आणि ओंडका मशीनवर बसला. धप्प असा आवाजसुद्धा झाला नाही.

मग मात्र जो गलका झाला तो विचारू नका. सदूने शिमग्याची आरोळी ठोकली. सोनूबाई एका डोळ्याने रडत होती, एकाने हसत होती. निकेत धावत बापाकडे गेला. "बाबा, पाठ? पाय? मुंग्या?"

दिनानाथ उठून उभा होता आणि लुंगीची मागची बाजू चाचपत होता. "पाठीला काय झालंय? मी बसलो नुसता. पण अगं विनिता, ही गोणी ओली हाय गं! माझी लुंगी भिजली सगळी!"

विनिता गोणीपाशी आली. हात लावला. तळवा ओला झाला, तिने तो जिभेला लावला. खारट, कडू. खाली माती ओलीकच्च, आणि ती चाटायला आलेली जनीची शेळी माणसांच्या पायांतून पुन्हा तिथेच घुसत होती. विनिताने कपाळावर हात मारून घेतला. खाऱ्या वाऱ्यात ताजं मीठ निथळतं, कोंडीवरच्या ढिगातून दिवसरात्र पाणी झरतं, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. पण ढीग तो ढीग आणि गोणी ती गोणी! शिवलेली गोणीही निथळत असेल, पन्नासाची चाळीस होत असेल, हे मिठागराच्या पोरीला सुचू नये? कुणाही भातवाल्याने आधी गोणी तोलून पाहिली असती.

"ओंडका जड होत नव्हता," ती म्हणाली आणि तिला हसूच आवरेना. "गोणी हलकी होत होती! अहो, रोज हलकी होत होती!"

निकेतने हातातला पाना खाली ठेवला. टेम्पोवाल्याला चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला. जाताना टेम्पोवालाही एकदा गोणीवर बसून बघून गेला.

गर्दी पांगली. दिनानाथ पुन्हा गोणीवर जाऊन बसला होता आणि पायाने रेटा देत रिकामा चिमटा वर-खाली करून पाहत होता. दोन दिवसांनी त्याच्या तोंडावर रंग आला होता. विनिता दोर गुंडाळत म्हणाली, "उद्या गोणीत वाळू भरते, मामा. वाळू निथळत नाही. मग सगळं आपोआप होईल, तुम्ही ओटीवर निवांत बसा."

चिमटा वर जाता जाता थांबला.

"वाळू भरलीस तर मी काय करू गं?" दिनानाथ म्हणाला.

तो थट्टा करत नव्हता. विनिताने त्याच्याकडे पाहिलं. दोर तिने परत सोडला आणि ओंडक्यांच्या राशीकडे गेली.

"बरं, नाही भरत," ती म्हणाली. "सांगा, पुढचा कुठला घेऊ?"

"तो आंब्याचा घे," दिनानाथ गोणीवर सरसावून बसत म्हणाला. "जड हाय तो. तुला एकटीला न्हाय जमायचा."